अमावास्येपर्यंतची मुदत

मार्गशीर्ष सरत आला आहे. हैदराबादेत, गौलीगुड्याच्या बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा, वाल, हिरवा हरभरा आणि पातीचा कांदा यांचे ढीग लागले आहेत. त्या पाल्याला सकाळी जो ओला, किंचित तुरट वास असतो, तो पिशवीतून थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. माझी पत्नी शैलजा येळवशीच्या भज्जीसाठी एकेक जिन्नस जमवते आहे. अशा दिवसांत, परवा सकाळी, व्हिडिओ गेमच्या त्या कंपनीचा ईमेल आला. नवा खेळ येतो आहे. जुन्या खेळाडूंना नोंदणीत अग्रक्रम मिळेल. ‘तुमचे शेत तुमची वाट पाहते आहे,’ असे वर ठळक अक्षरांत होते. मी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मला राग आला नाही.

ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे, कारण रागावाचून माझा दिवस सहसा सुरू होत नाही. एका महामंडळाच्या विधी विभागात मी आयुष्य काढले. निवृत्त झाल्यावरही पाणीपुरवठा, टपाल, बँक, दूरध्वनी, ज्याने ज्याने नियमाचा भंग केला, त्याला मी लेखी कळवत आलो. विषय, संदर्भ, महोदय, आणि मग परिच्छेदांना क्रमांक. एका कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनाने माझ्या पत्रांच्या पोचा देता देता मला दिवाळीचे शुभेच्छापत्र धाडले होते. ‘तुम्ही परेशान होता की लोकांना करता, काही समजत नाही बघा,’ असे शैलजा म्हणते. तिचा जन्म इथला, माझा उदगीरकडचा. त्यामुळे तिच्या मराठीत दख्खनी गोडवा आहे आणि माझ्या मराठीत कोर्ट.

त्या ईमेलचे उत्तर मी लिहिले नाही. हात टेबलावर नुसते पडून राहिले, जसे गेल्या हिवाळ्यात पडून होते.

मी गेमर आहे. माझ्या वयाच्या माणसाला हा शब्द लावला की लोक हसतात; हसोत बापडे. माझा पहिला व्हिडिओ गेम मी नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या हिवाळी प्रदर्शनात, पाहिला, तेव्हा आजच्या पुष्कळ खेळाडूंचे आईबाप शाळेत जात असतील. धाकटा भाऊ वसंत जामबागेतल्या कॉलेजात शिकायला गावाहून आला होता, आणि आम्ही दोघे गौलीगुड्यात एका खोलीत राहत होतो. थंडी पडली की संध्याकाळी चालत नुमाइशीला जायचे. भाजलेल्या शेंगांचा धूर, मिरची भज्यांचा खमंग दर्प, आकाशपाळण्याची करकर, हरवलेल्या मुलांची नावे पुकारणारा ध्वनिक्षेपक, आणि एका तंबूत अंधार करून मांडलेली ती यंत्रे. मोटारींच्या शर्यतीचे एक यंत्र होते. नाणे एकच, म्हणून वाटणी ठरलेली: चाक माझ्या हाती, गिअर वसंताच्या. मी वळण घ्यायच्या आत त्याचा हात दांडीवर गेलेला असे. आम्ही खेळताना बोलत नसू. बोलायला वेळच नसे, आणि गरजही नसे. लोकरी स्वेटरच्या बाहीला बाही घासे तेवढेच.

पुढे घरचे शेत आम्हा दोघांत वाटले गेले. विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून दावा उभा राहिला. मी वादी, वसंत प्रतिवादी. वाद कसा वाढला याची हकीकत दोन्ही बाजूंच्या कैफियतीत सविस्तर आहे. इथे तिचे कारण नाही. सांगायचे ते इतकेच, की दोघांच्याही वकिलांनी दोघांनाही एकच ताकीद दिली: दावा चालू असेतो प्रतिपक्षाशी तोंडी बोलू नये, बोललेले उद्या साक्षीत येते. मी कायद्याचा माणूस. ताकीद पाळली. वसंतानेही पाळली. दावा तारखेवर तारीख घेत राहिला, आणि आमची डोकी पांढरी झाली.

निवृत्तीनंतर मी खेळाकडे परत आलो तो पुरता. युद्धाचे खेळ खेळलो, कोड्यांचे खेळलो, शर्यतींचे तर अजून खेळतो. या धंद्याची नीतीही मी आतून पाहिली आहे. खेळातली बंद पेटी विकत घेतल्यावरच आत काय आहे ते कळते, याला ते ‘आश्चर्य’ म्हणतात. आपल्याकडे त्याला जुगार म्हणत, आणि पोलीस येत. एक दिवस गैरहजर राहिलात तर पीक करपेल अशी धमकी देतात आणि तिला ‘आठवण’ म्हणतात. हंगामही यांचेच. कणसात दाणा भरला म्हणून यांचा हंगाम बदलत नाही. तिमाहीचा हिशेब बंद झाला की बदलतो. आणि खरेदी म्हणजे खरेदी नव्हेच. करारात लिहिलेले असते की तुम्हाला दिला आहे तो केवळ परवाना, तोही कधीही, कोणतेही कारण न देता मागे घेता येण्याजोगा.

‘काका, तो करार पूर्ण वाचणारे जगात तुम्ही एकटेच असाल,’ असे केतकी म्हणाली होती.

केतकी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मूळची पुण्याची. शहराच्या पश्चिमेकडच्या एका स्टुडिओत ती तेव्हा परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी झाडे, गवत, दगड आणि पिके काढत असे. सूचना तिकडून येत आणि चित्र इकडून जाई. तिनेच तो शेतीचा खेळ माझ्या टॅबवर उतरवून दिला, कारण त्यातले गवत तिचे होते.

‘आणि तुझे नाव कुठे आहे?’ मी श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहून विचारले.

‘आमचं नसतं त्यात. कॉन्ट्रॅक्टमध्येच असतं तसं.’

‘चित्र तुझे आणि नाव नाही? हे नैतिकदृष्ट्या—’

‘काका, चहा गार होतोय.’

खेळ साधा होता. प्रत्येकाला एक तुकडा जमीन, चार कोंबड्या आणि दारात एक लाकडी पाटी. दोन शेतांमध्ये एक विहीर. शेजाऱ्याचे पीक तुम्ही शिंपले तर ते लवकर वाढे, तुमचे त्याने शिंपले तर तुमचे. सुरुवातीला यंत्राने टॅबला जोडलेल्या माझ्या फोनमधले सगळे नंबर परस्पर चाळले आणि त्यांपैकी जो कोणी हाच खेळ खेळत होता, त्याला माझा शेजारी करून टाकले. मी संतापलो. खाजगीपणाच्या भंगाबद्दल त्याच दुपारी सविस्तर पत्र लिहिले. ते पाठवून खेळात परत आलो आणि शेजारच्या पाटीवरचे नाव वाचले. गावचे नाव होते, आणि खाली ‘वसंतराव’. भावाचा नंबर मी फोनमधून कधी काढला नव्हता. खेळ त्याला त्याच्या नातवाने शिकवला, हे मला फार नंतर कळले.

तक्रार मी मागे घेतली नाही. शेतही सोडले नाही.

काही दिवस आम्ही दोघे आपापल्या हद्दीत राहिलो. मग मी माझ्या पाटीवर लिहिले: ‘सर्व हक्क राखून.’ दुसऱ्या सकाळी शेजारी उत्तर होते: ‘हक्क नाकबूल.’ चहाचा पेला हातात तसाच राहिला आणि मी मोठ्याने हसलो. शैलजा स्वयंपाकघरातून धावत आली. पाटीवर लिहिणे म्हणजे तोंडी बोलणे नव्हे, अशी माझी कायदेशीर धारणा आहे आणि ती मी आजही कुठल्याही न्यायालयात मांडायला तयार आहे.

तेव्हापासून रोज सकाळी पाट्या बदलू लागल्या.

‘आपल्या कोंबड्या आमच्या हद्दीत चरतात. पंच बोलवावेत.’

‘कोंबड्यांनी सातबारा पाहिलेला नाही.’

‘आपल्या ज्वारीस दाणा नाही. बियाणे बोगस.’

‘ही ज्वारी नव्हेच. कणसाला हुरडा धरत नाही. ज्याने काढली त्याला गावी पाठवा.’

ही शेवटची पाटी मी केतकीला दाखवली. ती हसली. ‘मी खरी ज्वारी काढली होती, काका. टपोरं, गच्च कणीस. क्लायंट म्हणाला, लोकांना ओळखू येत नाही, मका करा. केला मका.’

पण या पाट्यांपेक्षाही मला आठवते ते त्यांच्यामधले काहीच न होणे. सकाळी खिडकीतून कोवळे ऊन टॅबवर पडे आणि पडद्यावरची बोटांची तेलकट पुसट वलये दिसू लागत. खाली रस्त्यावर दुधाच्या कॅनांचा आवाज होई. मी त्याचे पीक शिंपीत असे, तो माझे. दोन ठेंगणी माणसे, एकाच्या डोक्यावर फुकटातली टोपी, दुसरा बोडका, विहिरीवरून बादल्या भरून उलटसुलट जात. कोणी कोणाशी बोलत नसे. मग तो कडेला दगडावर बसे आणि मीही बसे. यंत्राने बसण्याची सोय का ठेवली होती कोण जाणे. तिच्यात कुणाला काही विकता येत नव्हते.

येळवस म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे घरात कोणी जेवत नाही. सारा गाव शेतात जातो. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, घालायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबिलीचे मडके डोक्यावरून आणायचे, आणि मग भज्जी, उंडे, खीर. बांधावरून जाणाऱ्या कोणालाही न जेवता पुढे जाऊ द्यायचे नाही. हा एक दिवस सोयऱ्याचा आणि वैऱ्याचा भेद चालत नाही. ज्याचे शेत नाही, त्याला दुसऱ्याच्या शेतात जागा असते. हैदराबादेतले आम्ही लोक गच्चीवर नाहीतर बागेत जेवून तो दिवस साजरा करतो आणि एकमेकांना आंबील आंबट झाली की नाही ते विचारतो.

त्या खेळात आलेली पहिली येळवस मी विसरणार नाही. सकाळी उघडून पाहतो तो वसंताच्या शेतात कोप उभी. गाईच्या चाऱ्याच्या पेंढ्या त्याने एकमेकींना टेकवून रचल्या होत्या. पायवाटेच्या कडेला लावायचे पाच पांढरे दगड आत मांडले होते. आंबील त्या खेळात मिळत नसे, म्हणून भोपळ्याचे सूप ठेवले होते. पाटीवर लिहिले होते, ‘या जेवायला.’ कुठल्या कुठल्या देशांतले खेळाडू ते सूप दिसले म्हणून आत आले: एक टोपीवाला कोल्हा, पंख असलेली एक बाई, कोणी नुसतेच उड्या मारणारे. काय चालले आहे ते कोणालाच कळत नव्हते. सूप पीत होते, वाकून नमस्कार करीत होते आणि पुन्हा सूप पीत होते. मी बांधावर उभा राहिलो. थोड्या वेळाने पाटी बदलली.

‘वादीनेही यावे. हक्कास बाधा न येता.’

ही शब्दयोजना वकिलांची आहे. तडजोडीची पत्रे लिहिताना आम्ही ती वापरतो, म्हणजे पुढे कोणी असे म्हणू नये की तुम्ही आलात म्हणजे हक्क सोडलात. त्याने ती माझ्याच एखाद्या नोटिशीतून उचलली असणार. मी बांध ओलांडला आणि सूप प्यायलो. शैलजाने मागून टॅबमध्ये डोकावले आणि पदराने डोळे पुसले. मी तिला म्हणालो, हा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कंपनीची सूचना आली. ‘आमच्या लाडक्या शेतकऱ्यांनो,’ अशी सुरुवात होती. हा सुंदर प्रवास आता संपत आहे; सर्व्हर बंद होतील. तारीख पाहिली. पंचांग पाहिले. तारीख अमावास्येच्या अलीकडे पडत होती, अगदी थोड्या दिवसांनी.

मी पत्रे लिहिली. कंपनीला, तिच्या इथल्या प्रतिनिधीला, ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाला. पहिल्या पत्रात भरपाई मागितली, करारातल्या एकतर्फी कलमांचा समाचार घेतला, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मांडली. दुसऱ्यात भरपाई सोडून दिली. तिसऱ्यात सगळेच सोडले आणि एवढेच लिहिले, की येत्या अमावास्येपर्यंत मुदत द्यावी. त्यानंतर आपण खुशाल बंद करा. हयातभर मी न्यायालयांकडे लोकांना मुदती मागताना पाहिले आहे आणि स्वतः मागितल्याही आहेत. वकील आजारी म्हणून, कागद सापडत नाही म्हणून, संप आहे म्हणून मिळाल्या. आमच्या स्वतःच्या दाव्यात, ज्यात कोणालाच मुदत नको होती, त्यातही मिळत राहिल्या.

कंपनीचे उत्तर तत्काळ आले. यंत्राने लिहिलेले. ‘प्रिय वादी’ असे संबोधन होते, कारण खेळात मी तेच नाव घेतले होते. तुमच्या भावना आम्हाला मोलाच्या वाटतात, असे त्यात होते. तिन्ही पत्रांना तेच उत्तर, स्वल्पविरामांसह.

त्याच आठवड्यात केतकी दुपारीच घरी आली. जिन्यात तिची पावले वेगळी वाजली, म्हणून मी दार उघडले. खेळ बंद, म्हणून काम बंद, म्हणून तिच्यासारख्या पुष्कळांना सकाळी एका खोलीत बसवून सांगून टाकले होते.

‘बस. नेमणुकीचे पत्र आण. मी नोटीस तयार करतो.’

‘नको, काका.’

‘यात नको कसले? पूर्वसूचनेचा कालावधी—’

‘काका, मला पुढची नोकरी ह्याच लोकांत शोधायचीय. तुमची नोटीस गेली तर माझं नाव पहिल्यांदाच सगळीकडे येईल,’ ती म्हणाली आणि हसली. ‘क्रेडिट्समध्ये सोडून.’

माझ्या हातात पेन होते. ते मी टोपण लावून ठेवले. माझा राग तेव्हा थांबला असे मला वाटते. ओसरला नाही, थंड पडला नाही, थांबला. भिंतीवरचे घड्याळ थांबले की खोलीत काहीतरी कमी झालेले जाणवते, पण काय ते चटकन कळत नाही, तसे. ती गेल्यावर शैलजाने मला जेवायला वाढले. मी जेवलो. चव विचारली असती तर सांगता आली नसती.

शेवटच्या सकाळी मी लवकर गेलो. वरच्या कोपऱ्यात कंपनीने उलटी गणती लावली होती आणि तिच्याभोवती फुगे उडत होते. दुकानातले सगळे मोफत करून टाकले होते. सोन्याच्या झाऱ्या, रेशमी टोप्या, ज्यांसाठी लोकांनी वर्षे घालवली त्या वस्तू वाटेवर पडल्या होत्या आणि कोणी उचलत नव्हते. मी जुनीच बादली घेतली. पीक आता वाढणार नाही हे ठाऊक असून वसंताच्या शेताला पाणी घातले. तो विहिरीशी उभा होता. मग त्याने आपल्या शेतात जाऊन पाटी बदलली.

‘पुढची तारीख?’

मी उत्तर लिहू लागलो. काय लिहावे हे सुचत नव्हते. सुचले आणि टंकू लागलो तेव्हा पडदा करडा झाला. संपर्क तुटला आहे. खाली एक बटण होते, पुन्हा प्रयत्न करा. मी ते दाबले. बंद करणाऱ्यांनी ते बटण तरी काढून ठेवायला हवे होते. मी ते पुष्कळदा दाबले.

नंतरचे दिवस कसे होते याचे वर्णन मला करता येत नाही, कारण त्यांत वर्णन करण्याजोगे काही नव्हते. सकाळी ऊन टेबलावर येई. मी तिथे बसे. शर्यतीचा एक खेळ उघडे, गाडी भिंतीवर आपटू देई आणि बंद करी. दावा चालू होता. त्याची तारीख होती, पण वसंताने विचारली ती ही नव्हे, हे मला कळत होते. दुःख झाले असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा मी स्वतःला वाटत होतो.

त्या येळवशीच्या दिवशी दुपारी शैलजाने गच्चीवर सतरंजी अंथरली. केतकीला बोलावले होते, ती ताटे मांडत होती. मी खाली खोलीतच होतो. फोन हातात घेतला आणि तो नंबर लावला. का लावला, कोणता युक्तिवाद मनात होता, हे मी आजही सांगू शकत नाही. वकिलाला विचारले नव्हते.

‘हॅलो.’

तो आवाज म्हातारा झाला होता. एवढ्या काळात मी त्याचे फक्त लिहिणे वाचले होते.

‘मी,’ मी म्हणालो.

‘कळलं की.’

‘काय करतोस?’

‘बसलाव. कोपीत. तू काय करायलास, अण्णा?’

‘मीही बसलोय.’

‘वकिलाला विचारून लावलास का?’

‘नाही.’

‘मग बरं.’

त्यापुढे दोघांनाही काही सुचेना. विहिरीवर शेजारी बसण्याला शब्द लागत नव्हते. फोनवर मात्र कोणी बोलले नाही तर तो तुटल्यासारखा वाटतो. आम्ही दोघेही एकाच वेळी काहीतरी म्हणायला गेलो आणि दोघेही थांबलो. कंपनीने काय नेले, ते मला त्या क्षणी नेमके कळले. कुठल्याही तक्रार-अर्जात ते मला मांडता आले नव्हते. मूल्य लावण्याचा रकानाच नव्हता त्याला.

‘ठेवू का मग?’ वसंत म्हणाला.

‘नको ठेवू. बोलू नकोस, पण ठेवू नकोस.’

तो ‘बरं,’ म्हणाला.

मी फोन तसाच चालू घेऊन गच्चीवर गेलो आणि सतरंजीवर पाण्याच्या तांब्याशेजारी पालथा न करता ठेवला. शैलजाने एकदा त्याच्याकडे पाहिले. केतकीने आवाज वाढवून दिला. पलीकडून वारा येत होता, ज्वारीच्या पानांचा कोरडा, सळसळता आवाज येत होता, कोणी बाई कोणाला खीर वाढ म्हणत होती. मग वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी पहिला घास घेतला.